लाल चिंध्यांची वाट

"काय फाटलं गं?"

आक्कांनी चालता चालता विचारलं. मागं मात्र वळल्या नाहीत.

सुगंधानं हातातली लाल चिंधी घाईघाईनं ऐनाच्या फांदीला बांधली, गाठ आवळली आणि म्हणाली, "काही नाही, आक्का. काट्याला पदर अडकला."

"परत?"

"परत."

"लई काटं झाल्यात म्हनायचं यंदा राईत..."

आक्का काठी टेकत पुढं निघाल्या. ही बारावी चिंधी. अजून जवळजवळ तेवढ्याच बांधायच्या होत्या, आणि आक्कांना कळू द्यायचं नव्हतं.

उद्या चैत्री पुनव. उद्या काळकाईची पालखी निघणार, आणि पालखीच्या पुढं म्होरकी म्हणून पहिल्यांदाच सुगंधा चालणार!

काळकाईची राई तीन गावांच्या मधोमध आहे. खांडपे, उंबरोली आणि निवे. राईच्या पोटात देवीचं देऊळ. पुढं सात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या कोरीव शिळा. त्याच्या पुढं जुन्या गढीचा दरवाजा. गढी कधीच पडली, भिंतीही गेल्या, दरवाजा तेवढा उभा आहे. आणि अगदी शेवटी, डांबरी रस्त्याच्या अलीकडं, दगडी पायऱ्यांची खोल बारव. पुनवेला भर दुपारी ऊन त्या बारवेच्या तळाशी उतरतं आणि घटकाभर पाण्याला टेकतं. तेवढ्या वेळात देवीला न्हाऊ घालायचं.

पण राईत वाट नाही. तशी चालच आहे. कोयता चालवायचा नाही, फांदी मोडायची नाही, वाट म्हणून पाडायची नाही. वर्षभरात रान सगळं गिळून टाकतं. पुनवेच्या दिवशी म्होरकीनं पुढं व्हायचं, आणि तिच्यामागून देवीनं आणि तीन गावांनी जायचं.

आणि म्होरकीनं मागं वळून बघायचं नाही. बघितलं तर देवी परत फिरते.

आक्का गुरव चाळीस वर्षं म्होरकी होत्या. आता त्यांच्या डोळ्यांना ऊन कुठं आणि सावली कुठं, एवढंच कळायचं. गेल्या वर्षी ऊन पाण्यावरून उठता उठता पालखी कशीबशी पोचली होती. तेव्हाच उत्सव कमिटीच्या गेनूतात्यांनी देवळात सगळ्यांसमोर देवीला हात जोडले होते.

"आई, रागावू नको. पण यंदा कसंबसं जमलं. येत्या पुनवेला न्हाण हुकलं, तर तिथून पुढं तू माझ्या टेम्पोत बसायचं. डांबरी रस्त्यानं पंधरा मिनटांत बारव! देवी असली म्हणून काय झालं, तिलाबी गुडघे हायतच की."

लोक हसले होते. हसता हसता माना हलल्या होत्या.

सुगंधा हसली नव्हती. ती खांडप्याच्या शिंप्यांची सून. सोळा सोमवार तीनदा केलेले, एकदाही खंड नाही. वटपौर्णिमा, मंगळागौर, चातुर्मासातला नेम, सगळं कसं जिथल्या तिथं. गावात कुणाला व्रताचं काही अडलं की "सुगंधावहिनींना विचारा" असंच म्हणायचे. आपल्या हातून व्रत मोडत नाही, याचा तिला आतून थोडा ताठाही होता. आणि आता देवीची चालच तिच्या हाती आली होती. नऊ वर्षं ती आक्कांच्या मागून चालली होती, आक्कांच्या टाचांवर नजर ठेवून. उद्या पुढं टाचा नसणार...

म्हणून चिंध्या. लाल खणाच्या, बोटभर रुंद. दोरा बांधणं म्हणजे काही वाट पाडणं नव्हे, अशी तिनं मनाची समजूत घातली होती.

वीरगळांपाशी खांडप्याचा लिंबाजी ढोलवाला शिळा धूत बसला होता. आक्का तिथं टेकल्या.

"लिंबाजी, गारंबीचा येल कुठवर आला रं यंदा?"

"आला की सातव्या वीराच्या डोक्यावर! खालनं वाकून जायाला लागतंय."

"आन सून कशी हाय?"

झालं, गप्पा सुरू! सुगंधानं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. उद्या एवढं मोठं काम, आणि आक्कांना लिंबाजीच्या सुनेची चौकशी सुचतेय. तेवढ्यात तिनं दोन चिंध्या बांधून घेतल्या.

गढीच्या दरवाजापाशी उंबरोलीची सोनाबाई धनगरीण शेरडांमागं उभी होती. तिच्याशी पुन्हा तसंच. शेरडं कुठं बसतात, ओढ्याला पाणी आहे का, धाकटीचं लग्न ठरलं का. बारवेवर निव्याची तान्हूबाई घागर भरत होती. तिथं तर आक्का पायरीवर चांगल्या ऐसपैस बसल्या. सुगंधा शेवटची चिंधी बांधून येईपर्यंत दोघी कशावरून तरी खुदुखुदु हसत होत्या.

परतताना आक्का म्हणाल्या, "सुगंधे."

"काय आक्का?"

"बावीस येळा अडकला पदर."

सुगंधाचा चेहरा खणासारखाच लाल झाला. आक्का पुढं काही बोलतील म्हणून ती थांबली...

आक्का काठी टेकत पुढं चालू लागल्या.

*

पुनव उजाडली. राईभर हिरड्याचा मोहर घमघमत होता. सुगंधानं निर्जळी धरली होती, नवं लुगडं नेसली होती, आणि देवळाच्या अंगणात तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिन्ही गावं जमलेली! पोरं आईच्या कडेवरून हात लांब करून पालखीच्या झेंडूला शिवत होती. लिंबाजीचा ढोल घुमायला लागला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"वहिनी!" तान्हूबाई लगबगीनं जवळ आली. डोळे नुसते चमकत होते. "केवढा मोठा नवस बोललात हो! एका दमात बावीस दोरे?"

"कसले दोरे?"

"आता काय लपवायचं? काल तिन्हीसांजेला मी फुलं न्यायला आले, तर झाडाला लाल चिंधी. पुढं बघते तर आणिक एक! म्हटलं, हे सुगंधावहिनींच्याच दुकानातलं खणाचं कापड. त्यांनी बांधलं म्हणजे काहीतरी असणार. बाई वेड्यासारखी कशाला बांधेल? मग मीबी बांधला. लेकीच्या लग्नाला सात वर्षं झाली, यंदा तरी कूस उजवू दे म्हणून. आमच्या आळीतल्या साऱ्याजणींनी बांधला. उंबरोलीच्याही आल्या होत्या सकाळी!"

सुगंधानं झटकन राईकडं मान वळवली.

तिला काही विचारायला वेळच मिळाला नाही. भोयांनी पालखी उचलली. "काळकाईच्या नावानं..." "चांगभलं!" असा गजर उठला. आक्कांचा हात तिच्या खांद्यावर आला, हलका, पानासारखा.

"चल बाय."

सुगंधा निघाली.

पहिला ऐन. त्यावर तिची चिंधी होती. तिच्या शेजारी आणखी पाच होत्या. तिनं जीव मुठीत धरून पुढं पाहिलं.

किंजळीवर लाल. हिरड्यावर लाल. डावीकडच्या अंजनीवर लाल, उजवीकडच्या उंबरावर लाल. जांभळीच्या तर एकेका डहाळीला लाल! जिथं म्हणून बाईमाणसाचा हात पोचतो तिथं तिथं चिंधी, नाडा, रिबीन, काय हाती लागलं ते. सगळी राई हळदीकुंकवाला निघाल्यासारखी नटून उभी होती, आणि प्रत्येक झाड सांगत होतं, इकडून ये...

सुगंधाचे पाय थांबले.

मागं ढोल थांबला. भोयांनी पालखी खांद्यावर तोलून धरली.

"काय झालं गं?" आक्कांनी कानाशी विचारलं.

"आक्का..." तिला श्वास पुरेना. "काल पदर अडकला नव्हता."

"व्हय."

"मी चिंध्या बांधल्या होत्या. वाट कळावी म्हणून. आणि आता सगळ्यांनी..."

"काय बांधलं?"

"नवसाचे दोरे! सगळ्या झाडांना! माझी कुठली आणि त्यांची कुठली, काही म्हणता काही कळत नाही हो!"

आणि मग आक्का हसल्या. हसता हसता वाकल्या, काठीवर भार टाकला, खोकल्या, डोळे पुसले आणि परत हसल्या. मागच्या लोकांना वाटलं, म्हातारीच्या अंगात आलं. कुणीतरी "चांगभलं" म्हटलंसुद्धा.

"आक्का, हसताय काय! ऊन चढतंय. न्हाण हुकलं तर देवी टेम्पोत जाईल. मग राईत कोण येणार? सांगा ना, कुठल्या झाडानं वळू?"

"मला काय दिसतंय? ऊन आन सावली."

"मग मी काय करू?"

आक्कांनी तिच्या खांद्यावरचा हात उचलला.

"वळ."

"कुठं? डावीकडं?"

"मागं."

सुगंधा दचकली. "मागं? म्होरकीनं मागं बघायचं नसतं! देवी परत फिरते!"

"देवी पालखीत बसलीय. भोई जातील तिकडं जाईल." आक्कांनी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले. "वळ गं."

आणि त्या सुरकुतलेल्या हातांनी तिला गर्रकन फिरवलं.

सुगंधानं आयुष्यात पहिल्यांदा म्होरकीच्या जागेवरून पालखी पाहिली. देवीचा मुखवटा थेट तिच्याकडं बघत होता. नऊ वर्षं आपण हिला पाठ दाखवून चाललो, असं काहीतरी तिच्या मनात आलं. आणि मुखवट्यामागं माणसंच माणसं. लिंबाजी. सोनाबाई. तान्हूबाई. तिन्ही गावं. सगळे तिच्याकडं बघत होते, आणि एकाच्याही तोंडावर राग नव्हता. नुसती वाट बघत होते.

सोळा सोमवार तीनदा करणाऱ्या सुगंधावहिनी तीन गावांसमोर हात जोडून उभ्या होत्या.

"मला... मला वाट ठाऊक नाही."

तिनं भोवतीच्या झाडांकडं हात केला.

"आणि त्या चिंध्या... त्या नवसाच्या नव्हत्या. वाट चुकू नये म्हणून बांधल्या होत्या मी."

तान्हूबाईचा चेहरा एकदम उतरला. "नवसाच्या नव्हत्या? मग... माझी?"

आक्काच म्हणाल्या,

"तुझी कशासाठी व्हती?"

"लेकीसाठी."

"मग ती नवसाचीच की."

तान्हूबाईनं डोळ्याला पदर लावला आणि पदराआड हसली.

तेवढ्यात मागून लिंबाजीचा खणखणीत आवाज आला. "अवो वहिनी! आदीच इचारायचं न्हाई का? वीरगळापत्तूर आम्हा खांडप्याच्या ढोलवाल्यांना डोळं झाकून येतंय. दर दसऱ्याला नारळ फोडायला येतोय न्हवं! डाव्या अंगाला घ्या, किंजळीच्या मागनं!"

"मग चाळीस वर्षांत बोलला का नाहीस रं?" कुणीतरी हटकलं.

"ईचारलंय कुनी?"

हशा उसळला. त्या हशातच लिंबाजीनं टिपरी हाणली, आणि काय तो ढोल! सुगंधा वळली आणि जवळजवळ धावतच सुटली. किंजळीच्या मागून, दगडांच्या मधून. ती जरा उजवीकडं गेली की ढोल जड पडायचा, डावीकडं आली की उसळायचा. तिला ते समजलं आणि अंगात वीज खेळल्यासारखं झालं. हे तर नऊ वर्षं असंच वाजत होतं!

सात वीरगळ आले. सातव्याच्या डोक्यावरून गारंबीचा वेल खाली लोंबत होता.

"वाका!" ती ओरडली. "खालून वाकून!"

पालखी वाकली, देवी वाकली, तीन गावं वाकली. दगडातले घोडेस्वार तलवारी उगारून सगळ्यांकडं बघत राहिले.

आता लिंबाजीनं ढोल थांबवला. "हितनं म्होरलं उंबरोलीकरांचं. आमाला ठाव न्हाई."

"सोनाबाई!" सुगंधानं मागं वळूनच हाक मारली. आता तिला वळायची भीती उरली नव्हती.

"ओढा ओलांडू नगा!" सोनाबाई गर्दीतून पुढं घुसली. "पलीकडं चिखल हाय. ओढ्याच्या कडंकडंनं, जिथं माझी शेरडं बसत्यात तिथनं चढा. लेंड्या दिसतील बगा!"

"देवीची पालखी शेरडांच्या लेंड्यांवरून?" एक भोई कुरकुरला.

"मग तुज्या मळ्यातनं न्यायची का? तिथं शेनबी मिळंल!"

हसत, धापा टाकत सगळे चढले. आणि झाडीच्या वर एकदम गढीचा दरवाजा उभा राहिला, भिंतींवाचून, मोकळ्या आभाळात. पालखी त्याच्या कमानीखालून गेली तेव्हा सोनाबाईनं कमानीला हात लावून हात कपाळाला लावला. तिच्या पणज्याच्या पणज्यानं म्हणे इथं पहारा केला होता.

सुगंधानं वर पाहिलं. सावल्या पायांशी गोळा झाल्या होत्या.

"तान्हूबाई! पळा पुढं!"

तान्हूबाई पुढं आली. कालच्या घागरीचा चट्टा अजून तिच्या कमरेवर असेल. "इकडून! या बेहड्याच्या मुळावरून पाय टाका, घसरायचं नाही. इथून उतार. इथं खालचा दगड हालतो, सांभाळून, भोयांना सांगा! इथून मी रोज..."

झाडी संपली.

बारवेच्या काठावर गेनूतात्या उभे होते. मागं रस्त्यावर झेंडूच्या माळा घातलेला टेम्पो. पण तात्या टेम्पोकडं बघत नव्हते. ते बारवेत वाकून बघत होते, आणि पालखी दिसताच दोन्ही हात वर करून, टोपी पडली तरी भान नाही, असे किंचाळले,

"आलं! अरं शेवटच्या पायरीवर आलं ऊन! चार बोटं राहिली! पळा! अरं बघता काय, पळा की!"

आणि स्वतःच धावत येऊन त्यांनी पालखीला खांदा दिला.

पायऱ्यांवर नुसती झुंबड उडाली. सुगंधानं मुखवटा उचलून शेवटच्या पायरीवर ठेवला. खाली काळंभोर पाणी, आणि त्यावर उतरणारी उन्हाची एक सोनेरी रेघ... तीन बोटं... दोन...

ऊन पाण्याला टेकलं.

सगळी बारव खालून वर उजळून निघाली. सुगंधानं देवीवर पहिली ओंजळ घातली. वर तिन्ही गावांचा एकच आवाज घुमला, आणि तो त्या दगडी भिंतींवरून फिरत फिरत परत खाली आला.

*

गर्दी पांगली. गेनूतात्यांनी टेम्पोत म्हाताऱ्या बायका भरल्या, सगळ्यात पुढं स्वतःच्या आईला बसवलं आणि सुगंधाला म्हणाले, "वहिनी, पुढच्या वर्षी टेम्पो बारवेवरच लावीन. परतीला. जाताना मात्र... मलाबी घ्या बरं का मागं."

ती नुसती हसली. निर्जळी अजून सोडली नव्हती, तरी तहान कशी ती लागली नव्हती.

आक्का शेवटच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. सुगंधा शेजारी टेकली. ऊन पाण्यावरून हळूहळू उठलं.

"आक्का, काल वेल कुठवर आला, शेरडं कुठं बसतात, असं तुम्ही वाटेत सगळ्यांना विचारत होतात... मला वाटलं, गप्पा मारताय."

"गप्पाच मारत व्हते."

सुगंधानं पाण्यात बोटं बुडवली. मग धीर करून विचारलं,

"एक विचारू? खरं सांगाल?"

"ईचार."

"चाळीस वर्षं तुम्ही पुढं चाललात. तुम्हाला वाट ठाऊक होती?"

आक्कांनी पाण्यातून एक पाय उचलला. तो निथळू दिला. मग दुसरा...

"पैल्या वरसाला ठाव व्हती," त्या म्हणाल्या. "त्याच वरसाला चुकले."